जादूटोणा विरोधी कायदा: 18 वर्षं आणि 4 दिवस

20 ऑगस्ट 2013 ला काय झालं ते साताऱ्यात कुणाला सांगायला नको. सकाळी पुण्यात पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या, मग इथं अंत्यसंस्कार, आणि 24 तारखेला जादूटोणा विरोधी कायद्याचा वटहुकूम. म्हणून आपल्याकडं आजपण लोक म्हणतात, खून झाला म्हणून कायदा झाला. अर्धंच खरंय. असा कायदा करायचा ठराव 1995 लाच विधान परिषदेत झालेला, 2005 ला विधानसभेत विधेयक मंजूर पण झालं, पुढं परिषदेत जे अडकलं ते अडकलंच. (त्याच वर्षी जानेवारीत मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळपास 300 माणसं गेली, तेव्हा जो तो पशुबळीवर बोलत होता. पशुबळी या कायद्यात नाहीच.)

अडकलं कशात, तर एका शब्दात. अंधश्रद्धा. श्रद्धा कुठं संपते आणि अंधश्रद्धा कुठं चालू होते हे काय फौजदार ठरवणार का, असं वारकरी मंडळी विचारायची आणि प्रश्न अगदीच फालतू नव्हता, कारण गुन्ह्याला कृती लागते, कुणाच्या मनात काय आहे त्यावर कलम लावता येत नाही. पण काहींनी तो ताणून ताणून वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार इथपर्यंत नेला, आणि तेच गावोगाव पोचलं. मसुद्याला मग कात्री लागत गेली. शेवटी अंधश्रद्धेची व्याख्या करायच्या भानगडीत न पडता 12 कृत्यांची यादीच जोडली: भूत उतरवायला मारहाण, करणी-भानामतीची भीती घालणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं वगैरे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन याला कायदा लागू नाही हे कलमातच लिहून टाकलं.

मला खटकतं ते वेगळंच. 18 वर्षं "लोकांच्या भावना दुखावतील" म्हणून फाईल हलली नाही, आणि 4 दिवसांत हलली तीपण लोकांच्या भावनेमुळंच. 2013 लाच फेब्रुवारीत दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणावरून असाच वटहुकूम निघालेला, त्यात तर सरकारनंच नेमलेल्या वर्मा समितीनं फाशी नको म्हणलेलं तरी रस्त्यावरची मागणी बघून काही गुन्ह्यांना फाशी घातली. पुढं आपल्या राज्यानं बायकांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षेचं शक्ती विधेयक आणलं, 2021 ला दोन्ही सभागृहांत पास, पण राष्ट्रपतींची सही काय मिळाली नाही.

जादूटोण्याचं विधेयक मात्र डिसेंबर 2013 ला रीतसर मंजूर झालं. कायद्याचं अधिकृत नाव दोन ओळींचं आहे, नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी सगळं त्यात आहे, अंधश्रद्धा तेवढा शब्द नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा, लोक त्याला अजून अंधश्रद्धेचा कायदाच म्हणतात.