पांढरा लेकिथॉस धुऊ नका

लेकिथॉस म्हणजे प्राचीन ग्रीकांचं अरुंद गळ्याचं तेलाचं भांडं. आम्ही त्याच्या प्रतिकृती घडवतो. त्यातल्या पांढऱ्या लेकिथॉसच्या तक्रारी बहुतेक एकसारख्याच असतात. हौसेने तेल भरलेलं असतं, ओघळ आला म्हणून भांडं नळाखाली धरलेलं असतं आणि चित्रातला निळा-तांबडा रंग वाहून गेलेला असतो. तेल प्यायलेल्या लेपावर पुन्हा रंग धरत नाही, त्यामुळे दुरुस्तीत आमचे दिवस जातात आणि भांडं पहिल्यासारखं होत नाही ते नाहीच.

रंग कच्चा राहिलेला नाही. इ.स.पू. ५ व्या शतकात अथेन्समध्येही हे रंग भाजणीनंतरच, पांढऱ्या मातीच्या लेपावर चढवत. ही भांडी रोजच्या वापराची नव्हती. ती मृताजवळ किंवा थडग्याच्या पायऱ्यांवर ठेवत. म्हणून त्यांवर थडग्याला फिती बांधणाऱ्या बायका दिसतात, मृताला नावेत घ्यायला आलेला खारोन, म्हणजे परलोकाचा नावाडी, दिसतो. वरून वार्निश मारून द्या, असा आग्रह होतो. आम्ही मारत नाही. वार्निशने लेप चमकतो, पुढे पिवळा पडतो आणि या भांड्याचं सगळं सौंदर्य त्या कोरड्या पांढऱ्यातच आहे.

तेल कमी मावतं, हीही फसवणूक नव्हे. कित्येक मूळ लेकिथॉसमध्ये गळ्याखाली छोटी कुपी बसवलेली असे. थोडंसं तेल ओतलं तरी भांडं काठोकाठ भरलेलं दिसे. आम्हीही तशीच बसवतो. अंगावरचं बारीक छिद्र भाजताना कोंडलेली हवा जायला ठेवलेलं असतं. कृपया त्यात लांबी भरू नका. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, बस्स.

तेल वापरायचंच असेल तर काळ्या झिलईचा अरिबालोस, म्हणजे तेलाची छोटी कुपी, घ्या. ग्रीक कसरतपटू तो दोरीने मनगटाला अडकवून आखाड्यात नेत. तोंड बारीक, त्यामुळे धार बेताची पडते. काठ रुंद आणि सपाट, त्यानेच तेल अंगाला लावता येतं. झिलई म्हणजे गाळीव मातीचा लेप. आधी मोकळ्या हवेत, मग हवा कोंडून धुरात, मग पुन्हा हवेत भाजला की तो काळाभोर होतो आणि मडक्याशी एकजीव होतो. साबणाने खुशाल धुवा. दिवाळीच्या अभ्यंगासाठी आमचे जुने ग्राहक हाच नेतात.

अथेन्सच्या पॅनाथेनाइया उत्सवातल्या स्पर्धांच्या विजेत्यांना ऑलिव्ह तेलाने भरून देत तो अँफोरा, म्हणजे दोन कानांचा रांजण, पूर्ण मापात हवा असेल, तर आधी सांगा. मूळ भांड्यात ३५ लिटरांहून जास्त तेल मावे. तेवढं मोठं भांडं सावकाश वाळवावं लागतं, नाहीतर भट्टीत तडकतं.