फेअरबेर्न, सर विल्यम
(१९ फेब्रुवारी १७८९ – १८ ऑगस्ट १८७४). स्कॉटिश संरचना अभियंता, गिरणी-यंत्रांचे बांधणीकार व जहाजबांधणीकार. लोखंडी तुळया, पूल आणि बॉयलर यांची ताकद प्रत्यक्ष चाचणीने ठरवण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म स्कॉटलंडच्या सीमाभागातील केल्सो येथे एका शेतमजूर कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. ईशान्य इंग्लंडमधील पर्सी मेन येथील कोळशाच्या खाणीत त्यांनी यंत्रकारागीर म्हणून उमेदवारी केली. दिवसभराच्या कामानंतर ते गणित आणि इतर विषयांचा स्वतःच अभ्यास करत. पुढे रेल्वेमुळे प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली ती याच काळात.

१८१३ साली ते मँचेस्टरला आले आणि १८१७ मध्ये जेम्स लिली यांच्या भागीदारीत त्यांनी कारखाना काढला. कापड गिरण्यांतील यंत्रांना गती पोचवणारे अवजड, सावकाश फिरणारे दंड (शाफ्ट) काढून त्यांनी हलके व वेगवान दंड बसवले. त्यामुळे कारखान्याचे नाव झाले. गणितज्ञ ईटन हॉजकिन्सन यांनी ओतीव लोखंडाच्या तुळयांवर केलेले महत्त्वाचे प्रयोग याच कारखान्यात पार पडले. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ताणाखाली मात्र ते अचानक तुटते. गिरण्यांचे मजले कोसळून माणसे मरत होती. अशा अपघातांची चौकशी करताना फेअरबेर्न यांना या धोक्याची तीव्र जाणीव झाली आणि ते घडीव लोखंडाच्या पत्र्यांकडे वळले. रिव्हेट ठोकण्याचे यंत्र त्यांनी १८३७ च्या सुमारास तयार केले. लंडनजवळच्या मिलवॉल येथे त्यांची लोखंडी जहाजांची गोदीही होती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणजे वेल्समधील कॉन्वी आणि ब्रिटानिया हे नळीपूल. मेनाई सामुद्रधुनीवर रेल्वे न्यायची होती. परंतु उंच शिडांच्या जहाजांची वाट अडेल म्हणून नौदलाने कमानीला नकार दिला. तेव्हा जॉर्ज स्टीव्हन्सन यांचे पुत्र, अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी प्रचंड लोखंडी नळी टाकून तिच्या आतून गाडी नेण्याची कल्पना मांडली. नळीचा आकार कोणता असावा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. फेअरबेर्न यांनी १८४५ पासून मिलवॉल येथे गोल, लंबगोल व चौकोनी नळ्या भार टाकून मोडून पाहिल्या. नळी तळाशी तुटण्याआधी वरचा पत्राच दाबाने चुरमडतो, असे त्यांना आढळले. म्हणून चौकोनी आकार निवडला गेला आणि वरच्या बाजूला पोकळ कप्पे देऊन तिला कणखरपणा आणला. आधारासाठी साखळ्या लावण्याचा विचार होता; त्यांची गरज नाही, हे फेअरबेर्न ठामपणे सांगत राहिले आणि तेच खरे ठरले. ब्रिटानिया पूल १८५० मध्ये खुला झाला. त्याचे मधले दोन गाळे प्रत्येकी सुमारे १४० मीटरचे होते. श्रेय कोणाचे, यावरून रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि त्यांनी १८४८ मध्येच काम सोडले. कल्पना स्टीव्हन्सन यांची हे खरे, पण प्रयोगांशिवाय ती उभी राहिली नसती. त्यामुळे फेअरबेर्न यांची तक्रार रास्त वाटते. १९७० च्या आगीत या नळ्या निकामी झाल्या आणि पूल पोलादी कमानींवर नव्याने बांधण्यात आला.

वरवर सुरक्षित दिसणारा भार पुन्हापुन्हा पडल्यास काय होते, हा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. १८६० नंतर त्यांनी एका घडीव लोखंडी तुळईवर यंत्राने सतत भार टाकला आणि उचलला. मोडभाराचा (एकदाच टाकल्यास तुळई मोडेल अशा भाराचा) चौथा हिस्सा भार तिने लाखो वेळा सोसला. तो दोन-पंचमांशांवर नेताच काही हजार आवर्तनांत ती तुटली. धातूच्या थकव्याच्या अभ्यासात हा फार मोलाचा प्रयोग होय.

१८४४ मध्ये जॉन हेदरिंग्टन यांच्यासह त्यांनी दोन भट्टीनळ्यांच्या लँकेशायर बॉयलरचे पेटंट घेतले. मुंबईच्या कापड गिरण्यांतही हा बॉयलर दीर्घकाळ वापरात होता. बॉयलरचे स्फोट टाळण्यासाठी त्यांची नियमित तपासणी करणारी संघटना मँचेस्टरमध्ये उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. पत्र्यांच्या पोकळ, वक्र बाहूची त्यांची यारीही (क्रेन) गोद्यांत लोकप्रिय झाली. तशी एक वाफेची यारी ब्रिस्टल बंदरात अजून पाहायला मिळते.

रॉयल सोसायटीने १८५० मध्ये त्यांना सदस्यत्व आणि १८६० मध्ये रॉयल पदक दिले. १८६१ मध्ये देऊ केलेला नाइट किताब त्यांनी नाकारला. १८६९ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मात्र स्वीकारला. सरे परगण्यातील मूर पार्क येथे त्यांचे निधन झाले.