टाकीतला पंप कधी कुरकुरतो?

मोटरसायकलची चावी ऑन केली की पेट्रोलच्या टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक 'गूंऽऽ' ऐकू येतं आणि थांबतं. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाड्यांवर हयात काढलेल्यांना तो आवाजच बिघाड वाटतो. पूर्वी पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरायचं, पंप लागायचाच नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत इंजिनाला पेट्रोल फवारून देणारा इंजेक्टर आला. त्याला साधारण तीन बार दाबाने पेट्रोल लागतं, आणि तो दाब तयार करणारी छोटी विजेची मोटर टाकीतच बुडालेली असते. ती 'गूं' म्हणजे स्टार्टर मारण्याआधी दाब भरून घेणं.

हा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी बदलतो, ते मला जास्त कामाचं वाटतं.

रिझर्व्हला आल्यावर, विशेषतः वळणावर किंवा चढावर, आवाज चिरका झाला तर पंप पेट्रोलबरोबर हवा ओढतोय. शहाळ्यातलं पाणी संपत आलं की स्ट्रॉ खरखरते, तसंच. टाकी भरून पाहा. आवाज गेला तर पंप ठीक आहे, पण रिझर्व्हवर चालवायची सवय बदला. पंपातून वाहणारं पेट्रोलच मोटरला थंड ठेवतं आणि तिचं वंगणही तेच.

टाकी भरलेली असूनही घरघर होत असेल तर संशय पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीवर. ती गाळाने चोंदली की पंपाला ओढूनताणून पेट्रोल घ्यावं लागतं आणि तिथला दाब कमी होतो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. दाब कमी असेल तर त्याहूनही आधी. मग वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की फटाफट फुटतात, आणि आपल्याला ऐकू येते ती घरघर. म्हणून हा त्रास उन्हाळ्यात दुपारी, इंजिन तापल्यावर जास्त जाणवतो. सोबत वेगात गाडी झटके देत असेल तर संशय आणखी पक्का. टाकी आतून गंजली असेल तर नुसती गाळणी बदलून भागत नाही, टाकीही साफ करावी लागते.

चावी ऑन करताच आवाज जड, मंद आला तर आधी बॅटरी तपासा. कमी व्होल्टेजवर मोटर हळू फिरते. आवाजच नसेल तर हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच बघा (हसू नका, गाडी ढकलत गॅरेजला नेणारे असतात), मग फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. इंजिन बंद असूनही पंप थांबतच नसेल तर बहुधा रिले चिकटलाय. आणि चालू इंजिनातली बारीक 'टिकटिक' इंजेक्टरची असते, ती येणारच.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर दाबाचा गेज लावून घ्या, मगच पंप बदलायचं ठरवा. कंपनीने दिलेला दाब मिळत असेल आणि झटके येत नसतील, तर घाई नाही. पंप बाहेर काढून कोरडाच बॅटरीला जोडून 'चालतो का बघू' म्हणणाऱ्या मिस्त्रीला मात्र तिथेच थांबवा. मोटर खराब होईल ती वेगळीच, उघड्या टाकीशेजारी एक ठिणगीही पुरते.