टेम्प्टेशन्स की फोर टॉप्स? ऐकून कसं ओळखायचं

साठच्या दशकातलं मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं गाणं लागलं, मागे पुरुषांचा कोरस असला आणि पुढे कुणीतरी जीव तोडून गात असलं, की आपण ‘टेम्प्टेशन्स’ म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा ते फोर टॉप्स निघतात. घोळ होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही गट डेट्रॉइटचे. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरातला स्टुडिओ तोच आणि मागे वाजवणारे फंक ब्रदर्सही तेच. १९६५च्या मार्चमध्ये टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, जूनमध्ये फोर टॉप्सचं ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’.

फोर टॉप्स ओळखायचे ते एकाच आवाजावरून, लेव्ही स्टब्सच्या. स्टब्सचा गळा भारदस्त, बॅरिटोन, म्हणजे खालच्या-मधल्या पट्टीचा. पण हॉलंड-डोझियर-हॉलंड हे गीतकार-संगीतकार त्रिकूट त्याच्यासाठी मुद्दाम वरची पट्टी धरायचं. त्या उंचीवर त्याला ओढून, ताणून गावं लागे आणि तेच त्यांना हवं असायचं. ‘रीच आउट आय’ल बी देअर’ (१९६६) ऐका: कडव्यांत तो निम्मं गातो, निम्मं हाका मारतो. हे करताना त्रिकुटाच्या डोक्यात गायक बॉब डिलनची ढब होती. ‘बर्नाडेट’मध्ये (१९६७) तर शेवटाकडे सगळं एकदम थांबतं. गाणं संपलं असं वाटतं, तेवढ्यात स्टब्स ते नाव असं काही पुकारतो की दचकायला होतं. 

हे चौघे १९५३ पासून एकत्र होते. १९९७ मध्ये त्यांच्यातला लॉरेन्स पेटन वारला, तोवर एकही माणूस बदलला नाही. या धंद्यात हे जवळजवळ अशक्यच.

टेम्प्टेशन्सचं उलट. तिथे पाच माणसं आणि मुख्य गायक गाण्यागणिक वेगळा. ‘द वे यू डू द थिंग्ज यू डू’ (१९६४) एडी केंड्रिक्सच्या हलक्या, बारीक फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषाने नेहमीच्या पट्टीच्या वर काढलेल्या आवाजात आहे. त्याच वर्षी डेव्हिड रफिन गटात आला आणि मोटाउनचा गीतकार-निर्माता स्मोकी रॉबिन्सनने त्याचा घोगरा पण आर्जवी आवाज हेरून ‘माय गर्ल’ त्याला दिलं. सगळ्यांच्या खाली मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज. १९६८ मध्ये रफिनला काढलं, त्याच्या जागी डेनिस एडवर्ड्स आला. १९७१ मध्ये ‘जस्ट माय इमॅजिनेशन’ गाऊन केंड्रिक्सही बाहेर पडला. गट चालूच राहिला, कारण त्याची धुरा ओटिस विल्यम्सकडे होती आणि ओटिस मुख्य गायक म्हणून क्वचितच पुढे यायचा.

माणसांबरोबर संगीतही बदललं. निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने त्यांना ‘क्लाउड नाइन’मधून सायकेडेलिक, म्हणजे गुंगी आणणाऱ्या चित्रविचित्र ध्वनींच्या वळणावर नेलं आणि मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळालं. अल्बमवरचं ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ (१९७२) जवळपास बारा मिनिटांचं आहे. त्यात पहिला शब्द यायला जवळपास चार मिनिटं लागतात! फोर टॉप्सच्या वाट्याला असे प्रयोग फारसे आले नाहीत. त्यांचं त्रिकूट मोटाउनशी भांडून गेलं, १९७२ मध्ये मोटाउनचा मुक्काम लॉस एंजेलिसला हलला आणि फोर टॉप्स दुसऱ्या कंपनीकडे गेले. माझ्या मते त्यांचं खरं वैभव १९६४ ते १९६७ या काळातलंच.

खरी पंचाईत होते ती डेनिस एडवर्ड्समुळे. त्याचा खरखरीत, गर्जणारा आवाज कधीकधी थेट स्टब्सच्या वळणावर जातो. अशा वेळी मुख्य गायकाला सोडून मागे कान लावावा. फोर टॉप्सच्या साठच्या दशकातल्या अनेक रेकॉर्डवर मागच्या कोरसात बायकांचे आवाज मिसळलेले असतात. या अँडान्टेज, मोटाउनच्या घरच्या गायिका. टेम्प्टेशन्सच्या त्या काळातल्या गाण्यांत एक ओळ वरून, पुढची खालून, तिसरी आणखी कुणाची, अशी वाटणी होते. ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’मध्ये (१९६९) पाचही जण आळीपाळीने पुढे येतात.