बोश्त्यान त्सेसार

बोश्त्यान त्सेसार (जन्म 9 जुलै 1982, ल्युब्लियाना) हा स्लोव्हेनियाचा रिटायर झालेला फुटबॉलपटू, सेंटर बॅक म्हणजे अगदी गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहून बचाव करणारा. आडनावाचा उच्चार त्सेसार असाच करायचा, सीझर नाही, स्लोव्हेनियन भाषेत या शब्दाचा अर्थ सम्राट. देशासाठी 101 मॅच आणि त्यात 10 गोल, मॅचचं शतक गाठणारा तो पहिला स्लोव्हेनियन. ज्या देशाची लोकसंख्या जेमतेम 20-21 लाख आहे तिथे हा आकडा खरंच मोठा आहे, त्याच्याआधी रेकॉर्ड होतं झ्लात्को झाहोविचचं, 80 मॅचचं.

क्लबचं करिअर मात्र इकडून तिकडे असं झालं. झाग्रेबचा दिनामो, मग फ्रान्सचा मार्सेय, तिथून 2007-08 ला लोनवर, म्हणजे तात्पुरता, इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमला, आणि त्या सीझनला वेस्ट ब्रॉम चॅम्पियनशिप (तिथली दुसऱ्या नंबरची लीग) जिंकून सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये गेली. नंतर फ्रान्सचाच ग्रनोबल. 2010 मध्ये तो इटलीत व्हेरोनाच्या चिएव्होला आला आणि तिथेच रमला, तब्बल 9 सीझन.

पण त्याची खरी ओळख नॅशनल टीममुळेच. मात्याझ केक कोच असताना 2010 वर्ल्ड कपच्या क्वालिफायिंग ग्रुपमध्ये टीमने 10 मॅचमध्ये फक्त 4 गोल खाल्ले, प्लेऑफमध्ये रशियाला बाहेर काढलं, आणि पंतप्रधान बोरुत पाहोर यांनी शब्द दिल्याप्रमाणे ड्रेसिंग रूममध्ये जाऊन खेळाडूंचे बूट पॉलिश केले. साऊथ आफ्रिकेत अल्जेरियाला 1-0 हरवलं, हा स्लोव्हेनियाचा वर्ल्ड कपमधला पहिलाच विजय. अमेरिकेविरुद्ध हाफ टाइमला 2-0 ने पुढे होते. ब्रेकनंतर काही मिनिटांतच उजवीकडून लांब पास आला, त्सेसार तो अडवायला घसरत गेला, बॉल काही मिळाला नाही, आणि अमेरिकेचा लँडन डोनोव्हन मोकळा सुटला, त्याने अगदी जवळून बॉल वर जाळ्यात मारला. मॅच 2-2 सुटली. डिफेंडरचं असंच असतं, नव्वद मिनिटं डोक्याने, पायाने शंभर बॉल बाहेर काढले तरी लोकांना आठवतो तो निसटलेला एकच, आणि मला हे त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं कारण त्या वर्ल्ड कपच्या तिन्ही मॅच तो खेळला आणि टीमने एकूण 3 च गोल खाल्ले. शेवटच्या मॅचमध्ये इंग्लंडकडून 0-1 ने हरले, तरी पुढे जाणार असं वाटत असतानाच त्याच वेळी चाललेल्या ग्रुपच्या दुसऱ्या मॅचमध्ये डोनोव्हननेच इंजुरी टाइममध्ये अल्जेरियावर गोल केला आणि स्लोव्हेनिया बाहेर.

गोल करायलाही तो कॉर्नर, फ्री किकला पुढे जायचा. नोव्हेंबर 2015 ला मारिबोरमध्ये युरोच्या (युरोपियन चॅम्पियनशिपच्या) प्लेऑफला युक्रेनविरुद्ध 11 व्या मिनिटाला त्याने गोल केला, पण पहिली मॅच 0-2 हरलेली असल्याने तो पुरला नाही. सप्टेंबर 2016 मध्ये लिथुआनियात टीम 0-2 मागे होती, तिथे इंजुरी टाइममध्ये त्यानेच 2-2 करून दिलं.

गोलकीपर समीर हांदानोविचनंतर कॅप्टनही तोच. 100 वी मॅच ऑक्टोबर 2017 मध्ये ल्युब्लियानात, स्कॉटलंडविरुद्ध 2-2, त्यामुळे स्कॉटलंडचा वर्ल्ड कप हुकला, आणि शेवटच्या क्षणी दुसरं यलो कार्ड मिळून तो मैदानाबाहेर गेला. मार्च 2018 मध्ये बेलारूसविरुद्धची 101 वी मॅच शेवटची ठरली. 2019 मध्ये चिएव्होही सेरी आ, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधून खाली घसरला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने क्लब सोडला.