सात सह्या आणि दोन क्रमांक: मुंबईतल्या छोट्या नाट्यसंस्थांची विश्वस्त मंडळं कशी घडली

मुंबईतल्या छोट्या नाट्यसंस्थेच्या लेटरहेडवर बहुधा दोन नोंदणी क्रमांक असतात. एक १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, शेवटी 'जीबीबीएसडी' लिहिलेला. दुसरा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा, 'एफ'ने सुरू होणारा. मंडळावर बसणाऱ्यांच्या डोक्याला जो ताप होतो त्यातला बराचसा या दोन क्रमांकांमुळे होतो.

पूर्वी मंडळं नव्हती, मालक होते. किर्लोस्कर नाटक मंडळी (१८८०), ललितकलादर्श (१९०८), गंधर्व नाटक मंडळी (१९१३) या कंपन्या मालकांच्या किंवा भागीदारांच्या. नफा त्यांचा, कर्जही त्यांचंच. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि या कंपन्यांचा कणा मोडत गेला. नाटक तगलं ते संस्थांमुळे आणि दिवसा नोकरी-व्यवसाय करणाऱ्या हौशी लोकांमुळे. गिरगावात १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. त्याच्या नाट्यशाखेचा कारभार हाकणारे अ. ना. भालेराव पेशाने डॉक्टर होते. परळला ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगार नाटकं करत. अशा ठिकाणी पैसा कुणा एकाचा नव्हता, त्यामुळे हिशेब कुणी कुणाला द्यायचा हा प्रश्न उभा राहिला.

उत्तर म्हणून १८६०चा कायदा हाताशी होताच. साहित्य, विज्ञान आणि धर्मादाय संस्थांसाठी केलेल्या या कायद्याला किमान सात जणांच्या सह्या लागतात. घटना लिहायची, सभासद करायचे, वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणी निवडायची. नंतर १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला (आता नावात 'महाराष्ट्र' आहे) आणि १८६०खाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थाही त्याने आपल्या कक्षेत घेतल्या. म्हणजे सभेत हात वर करून निवडलेला कार्यवाह कायद्याच्या लेखी विश्वस्त झाला. सभासदांपुढे तो निवडून आलेला प्रतिनिधी, वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेचा राखणदार. या दोन भूमिकांचं जमत नाही, आणि भांडणं तिथूनच निघतात.

नुसत्या विश्वस्तांची वाटही होती. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ साली उभं राहिलं ते कपूर कुटुंबाने १९७५ साली केलेल्या न्यासातून. तिथे सभासदांची निवडणूक नाही. पण त्यासाठी आधी जागा किंवा निधी लागतो. रंगायन (१९६०) आणि आविष्कार (१९७१) यांसारख्या प्रायोगिक गटांकडे दोन्ही नव्हतं. छबिलदास शाळेचं सभागृह १९७४पासून भाड्यानेच वापरलं गेलं. त्यांच्या वाटेने पुढे निघालेल्या बहुतेक गटांनी सात सह्यांचा मार्ग धरला, कारण अनुदानाच्या अर्जात आणि सरकारी स्पर्धेच्या प्रवेशिकेत नोंदणी क्रमांकाचा रकाना असतो.

हे सात कोण? दिग्दर्शक, त्याच्या घरातलं कुणी, दोन नट, नेपथ्य बघणारा, एखादा निवृत्त बँक अधिकारी आणि ओळखीतला सीए. नाटकाच्या तालमीला हे मंडळ उत्तम. कागदाच्या बाबतीत मात्र तितकंच कच्चं.

कच्चेपणा पहिल्यांदा उघडा पडतो तो चेंज रिपोर्टमध्ये. कार्यकारिणी बदलली, कुणी राजीनामा दिला किंवा कुणी गेलं, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल कळवायचा. सभेची सूचना, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची प्रत, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या माणसाचं संमतिपत्र, एवढं तरी जोडावं लागतं. सूचना घटनेत लिहिलेल्या मुदतीआधी गेलेली असावी लागते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'रविवारी भेटू' असं टाकून भरलेली सभा इथेच अडकते, कारण जुनी घटना बहुधा टपालाने किंवा हातपोच सूचना मागते. ९० दिवस उलटले तर विलंब माफीचा वेगळा अर्ज. एक रिपोर्ट रखडला की पुढचेही रखडतात. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, दहा वर्षांपूर्वीची नावं राहतात आणि बँक खात्यावरच्या सह्या बदलून देत नाही. निवडणुकीत हरलेल्या गटाला हरकत घ्यायला हे दार उघडं असतं, हेही खरंच.

दुसरा घोळ पैशांचा. सेटसाठी दिग्दर्शकाने खिशातून ४०,००० रुपये घातले आणि ते ताळेबंदात 'विश्वस्ताकडून कर्ज' म्हणून दिसले, तर लेखापरीक्षक हटकणारच, कारण विश्वस्त संस्थेसाठी कर्ज काढणार असतील तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती रक्कम देणगी म्हणून पावती फाडून घ्यावी, किंवा खर्चाची बिलं जोडून त्याच महिन्यात परत करावी. मंडळावरच्या नटाला नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, द्यायची असेल तर घटना आड येत नाही ना ते पाहावं, दर ठरावाने ठरवावा, त्या ठरावाच्या वेळी त्याने बाहेर थांबावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. बाहेरच्या नटाला जो दर, त्याहून जास्त देऊ नये. वर्ष ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण सहा महिन्यांत उरकावं लागतं, आणि गणपतीच्या दिवसांत सीए शोधणं म्हणजे शिक्षाच.

गेल्या काही वर्षांत भर आयकराकडून पडली. २०१५च्या दुरुस्तीनंतर लोकोपयोगी कामाच्या सदरात बसणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षीची सवलत धोक्यात येते. तिकीटविक्री या टोपलीत पडते का, यावर सीए मंडळींत एकमत नाही. म्हणून सावध मंडळं धंदेवाईक प्रयोग वेगळ्या निर्मात्याच्या नावावर करतात आणि संस्थेकडे शिबिरं, एकांकिका, अभिवाचनं ठेवतात. २,०००वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, तेव्हा दारातल्या दानपेटीपेक्षा चेक बरा. २०२१पासून ८०जीची, म्हणजे देणगीदाराला ही वजावट मिळवून देणारी, नोंदणीही कायमची राहिली नाही, ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. परिणाम असा की पूर्वी सातवी सही मिळवायला एखादा मित्र चालायचा. आता दिग्दर्शक आधी कोषाध्यक्ष शोधतात, संहिता नंतर.