थरथर वेगळी, ओढ वेगळी: बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट

लोणावळ्याला जायला चांदणी चौकातून बायपासला लागलो, किवळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तळेगावचा टोलनाका मागे पडला, काटा नव्वदच्या आसपास गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. बहीण शेजारी बसली होती. म्हणाली, "अरे, कालच तर अलाइनमेंट करून आणलीस ना?"

आणलीच होती. छापील कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, त्यावरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात. चूक आकड्यांची नव्हती. मी दुकानात जाऊन सांगितलं होतं "गाडी थरथरते", समोरून उत्तर आलं "अलाइनमेंट करून टाकू", आणि मी मान डोलावली. पुण्यात टायरच्या कुठल्याही दुकानाची पाटी बघा, "व्हील अलाइनमेंट व बॅलन्सिंग" हे तूप-साखरेसारखं एकत्रच लिहिलेलं असतं. त्यामुळे दोन्ही एकच काम, किंवा एकाच कामाचे दोन भाग, असं आपण धरून चालतो.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या वजनाचा हिशेब. टायर आणि रिम मिळून जे चाक होतं, त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. कुठे रबर थोडं जास्त, कुठे व्हॉल्व्हचा भार. हलक्या बाजूला छोटी वजनं लावून हा फरक भरून काढणं म्हणजे बॅलन्सिंग. हा फरक गल्लीत कळत नाही, कारण गोफण हळू फिरवली तर दगड हाताला ओढत नाही. वेग वाढला की ओढतो, आणि दुप्पट वेगाला चौपट ओढतो. १८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम जास्त असले, तरी त्या वेगाला ते जवळपास ३ किलोच्या जोराने बाहेर ओढतात. म्हणजे सेकंदाला १४ वेळा ३ किलोचा हिसका, कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे. पन्नासच्या वेगाला तोच हिसका पाऊण किलोचा असतो, म्हणून कर्वे रोडवर काही जाणवत नाही.

यातली गंमत अशी, की ही थरथर बहुतेक वेळा एका ठरावीक पट्ट्यात असते. ऐंशीला सुरू होते, नव्वद-शंभरला कळस, आणि पुढे कधी कधी कमीसुद्धा होते. कमी होते का ते तपासायला जाऊ नका, एक्सप्रेस वेवर सपाट भागातही कारला मर्यादा शंभरचीच आहे. थरथर अशी पट्ट्यातच का, याचं कारण सोपं आहे. सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर, टांगलेल्या चाकाला झोपाळ्यासारखा स्वतःचा एक ताल असतो, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. झोपाळ्याला तालात धक्का दिला तरच तो उंच जातो. नव्वद-शंभरला चाकाचे हिसके नेमके त्या तालात पडतात.

अलाइनमेंटचा वजनाशी संबंधच नाही. ते चाकाच्या तोंडाचं काम आहे: चाक कुठल्या दिशेला बघतंय आणि किती कललंय. काही माणसं चवडे आत वळवून चालतात, काही फेंगडी. चालण्यात दोष असला तर कोल्हापुरी चपलेची टाच एकाच बाजूने झिजते, पण माणूस चालताना थरथरत नाही. गाडीचंही तसंच. पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं याला टो म्हणतात, उभ्यात कललेली असणं हा कॅम्बर. लक्षणं ठरलेली: गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं, आणि गॅरेजवाल्यांच्या भाषेत गाडी "टायर खाते". एका चाकाचा टो ०.१ अंशाने बिघडला, तर हिशेबाने ते चाक किलोमीटरमागे पावणेदोन मीटर आडवं घासतं. पुण्याहून दीडशे किलोमीटर मुंबईला जाईपर्यंत अडीचशे मीटरच्या वर. रबर जाणारच.

ओढीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, आणि आपण डावीकडून चालवतो, म्हणून गाडी किंचित डावीकडे सरकणं हा दोष नाही. चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावर करा. स्टिअरिंग सोडून देऊ नका, पकड फक्त सैल करा. ओढ खरीच असेल तर आधी हवा तपासा. तरीही ओढ राहिली तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढही बाजू बदलत असेल तर दोष टायरचा आहे, अलाइनमेंटचा नाही. फक्त बाण असलेले, एकाच दिशेला फिरणारे टायर असे बदलता येत नाहीत.

मग लोकांचा गोंधळ का होतो? कारण एका ठिकाणी दोघं एकमेकांत खरंच मिसळतात. टो वर्षभर बिघडलेला राहिला की टायरवर किसणीसारखे दात येतात. पंजा टायरवरून एका बाजूने फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, बोटांना कड लागेल. असा टायर घूं घूं आवाज करतो, गाडीही हादरते. अशा वेळी अलाइनमेंट केल्याने पुढची झीज थांबेल, पण झिजलेलं रबर परत येणार नाही, आणि बॅलन्सिंगची वजनं लावूनही ते भरून निघणार नाही. टायर मागे टाका किंवा बदला.

दुसरं फसवं प्रकरण म्हणजे खड्ड्यात आपटून वाकलेली रिम. तिचं वजन समतोल करता येतं, मशीन शून्य-शून्य दाखवतं, आणि गाडी तरी उड्या मारते. चाक मशीनवर हळू फिरत असताना रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरायला सांगा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते, आकड्यांची गरज लागत नाही.

माझं काय झालं होतं ते सांगतो. आदल्या रविवारी ताम्हिणीच्या बाजूला गेलो होतो, पावसात, आणि गाडी लाल चिखलात लावली होती. लोणावळ्याहून परत आल्यावर कोथरूडमधल्या दुसऱ्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टिअरिंग हलतं की सीट?" स्टिअरिंग. "ब्रेक मारल्यावर वाढतं?" नाही. त्यांनी पुढचं उजवं चाक काढून मशीनवर चढवलं. आतल्या बाजूला ४५ ग्रॅमचा फरक. मला वाटलं आता वजन ठोकतील. त्यांनी चाक उतरवलं, पालथं केलं, आणि स्क्रूड्रायव्हरने रिमच्या आतून वाळलेल्या चिखलाची वडी खरवडून काढली, चांगली तळहाताएवढी. म्हणाले, "साहेब, आधी आंघोळ, मग गंध." पुन्हा फिरवलं तर १०. तेवढं चिकटवजन लावलं.

त्यांची आणखी एक सवय मला फार आवडली. शून्य आल्यावर त्यांनी चाक सैल करून अर्धा फेरा वळवलं, पुन्हा कसलं आणि पुन्हा फिरवलं. आकडा बदलला असता तर चाक मशीनवर नीट बसलेलं नव्हतं, म्हणजे पहिला हिशेबही खोटा. चाक ज्या शंकूवर बसवतात त्यावर घाण असली की हे होतं. हे फारसं कुणी आपणहून करत नाही, मागावं लागतं.

काकांचे ते दोन प्रश्न घरीच सोडवून जा. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटमध्ये नि पायाखाली असेल तर मागच्या. खात्री हवी असेल तर पुढची चाकं मागे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोषी त्याच जोडीत आहे. ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर डिस्क बघा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच हादरत असेल आणि पाय उचलल्यावर थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. त्याच वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये वेगळं वाटत असेल तर प्रश्न इंजिनाच्या बाजूचा आहे, टायरवाल्याकडे जाऊच नका. महिनाभर गाडी उभी होती आणि पहिले काही किलोमीटर धडधडून थांबली, तर टायर बसून चपटे झाले होते. गरम झाले की सुधारतात. पण चाक बदलल्यानंतर लगेच थरथर सुरू झाली, किंवा टायरच्या बाजूला फुगा दिसला, तर तिथेच कडेला थांबा. पहिल्यात नट सैल असू शकतात, दुसऱ्यात टायर फुटू शकतो.

कधी काय करायचं याचा माझा नियम छोटा आहे. टायर रिमवरून उतरला, मग तो पंक्चरसाठी का असेना, की बॅलन्सिंग. टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रट असा चाकाला धरून ठेवणारा भाग बदलला, दुभाजकाला चाक आपटलं, की अलाइनमेंट. दोन्ही करायचं असेल तर बॅलन्सिंग आधी. बऱ्याच छोट्या हॅचबॅकमध्ये पुढचा टो एवढंच मुळात जुळवता येतं, त्यामुळे "चारही चाकांचा कॅम्बर सेट केला" असं कुणी म्हणालं तर कुठला बोल्ट फिरवला ते विचारावं.

पुढच्या शनिवारी पुन्हा लोणावळ्याला गेलो. तळेगावच्या पुढे नव्वदला स्टिअरिंग शांत होतं. हिरव्या आकड्यांचा तो कागद अजून कप्प्यात आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी पेनाने चारही चाकांचे ग्रॅम लिहून दिलेत.